भवानी पेठेतले नाणेवाले अय्या

सणावाराला नीलक्काला आपल्याच धाकट्या भावाच्या पायांवर डोकं टेकवावं लागे. सिद्धलिंगय्या मठपती हे जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. सोलापूरच्या भवानी पेठेतली पांढऱ्या केसांची माणसंसुद्धा त्यांच्या पाया पडत, तिथं थोरल्या बहिणीला कोण सोडणार? ती मुकाट्यानं वाकायची, पण मनात म्हणायची, ह्या पायांना घरात टिकायची बुद्धी दे रे देवा. चारचौघांत ती त्यांना 'अय्या' म्हणे. दार लोटलं की ते तिचे 'तम्मा' होत, म्हणजे धाकटा भाऊ, आणि तम्माला ती तोंडाला येईल ते बोले.

बोलण्यासारखं त्या घरात रोज काहीतरी घडतच असे. सकाळी आमटीला चिंच शोधावी तर ती सगळी एका परातीत भिजत घातलेली, आणि तिच्या कोळात हिरवे पडलेले तांब्याचे पैसे बुडवलेले. देवळीत दिवा ठेवायला जागा नाही, कारण तिथं कसल्याशा शिशाच्या गोळ्या मांडलेल्या. एकदा तिला उंबऱ्याजवळ चांदीच्या तारेचा दुमडलेला तुकडा सापडला. केसांचा आकडा समजून तिनं तो अंबाड्यात खोवला आणि बरेच दिवस देवळात मिरवला. शेवटी जेवताना सिद्धलिंगय्यांचं लक्ष गेलं. ते घास हातात धरून म्हणाले, "अक्का, तुझ्या डोक्यात आदिलशाही लारी आहे."

"माझ्या डोक्यात काय काय आहे ते ऐकशील तर जेवण जाणार नाही तुला," असं म्हणून नीलक्कानं आकडा उपसला आणि त्यांच्या ताटाशेजारी आपटला.

विजापूरच्या बादशाहीत असल्या तारा नाणं म्हणून चालत, हे ते तिला समजावून सांगू लागले. ती उठून भाकरी थापायला गेली.

नीलक्का ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली होती. सिद्धलिंगय्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, तेव्हापासून घरात ही दोघंच. वडिलांनी मुलाला लहानपणी काशीच्या मठात शिकायला धाडलं होतं. संस्कृत शिकून येईल, घराण्याचं नाव काढील, असं सगळ्यांना वाटलं. तो संस्कृत शिकलाच, पण तिथल्या एका म्हाताऱ्या गुरूकडून जुनी कानडी अक्षरं वाचायलाही शिकला, आणि त्याच गुरूनं त्याला नाण्यांचं वेड लावलं. "लोक काशीहून गंगाजळ आणतात," नीलक्का शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यानं गंगेत लोकांनी टाकलेले पैसे वेचून आणले."

ह्या वेडाच्या मुळाशी काय आहे हे तिनं एकदा चिडूनच विचारलं होतं. तेव्हा सिद्धलिंगय्यांनी पूजेची पाटी बाजूला सारून शांतपणे सांगितलं. आपल्या पंथाच्या ज्या थोर पुरुषाचं नाव घेऊन आपण कपाळाला विभूती लावतो, तो तरुणपणी मंगळवेढ्याला बिज्जळ राजाच्या भांडारावर होता असं परंपरा सांगते. म्हणजे राजाची नाणी त्याच्या हाताखालून गेली असणार. त्यांतलं एखादं तरी ह्या मातीत कुठं पडलं असेल. ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच.

"बघून काय करणार?"

"बघणार," ते म्हणाले.

ह्यानं नीलक्काचा राग आणखी वाढला.

दक्षिणेचं तर विचारायलाच नको. अय्यांना जुनी नाणी आवडतात ही बातमी पेठेत पसरली, तेव्हा लोकांची मोठी सोय झाली. ज्यांच्या घरी बाजारात न चालणारे झिजके पैसे होते, शिवराई होती, निजामाच्या हद्दीतून आलेला हाली शिक्का होता, त्यांनी ते सगळे अय्यांच्या ताटात घालायला सुरुवात केली. देणारा पुण्यवान आणि घेणारा खूश. मधे फक्त नीलक्का सापडली. ज्वारीवाल्यापुढं ती मूठ उघडी आणि तो हसून मान हलवी. शेवटी तिनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून मोठ्या घरांतून विकायला सुरुवात केली. जंगमाच्या घरची बाई असं करते म्हणून दोघी-तिघींनी नाकं मुरडली. तिनं त्यांना सांगितलं, "तुमच्या घरचे मुडदे पैसे आमच्या ताटात टाकायचं बंद करा, मग मीही बंद करते."

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण एकोणीसशे चोवीस साली ईरप्पाच्या मुलीचं लग्न निघालं.

ईरप्पा चाटी गल्लीतला मोठा कापडवाला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरचं प्रत्येक कार्य मठपतींच्या हातून व्हायचं. मुलगा अक्कलकोटचा, चांगल्या घरातला. मांडव भरलेला, सनई चालू, अक्षता वाटून झालेल्या. सिद्धलिंगय्या मंत्र म्हणत होते, आणि नीलक्का बायकांत बसून, आज तरी सगळं नीट पार पडतंय, म्हणून थोडी सैलावली होती. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी सावित्रम्मा अय्यांच्या पाया पडायला पुढं आली. ती वाकली तशी तिच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ अय्यांच्या डोळ्यांसमोर झुलली.

मंत्र थांबला.

नीलक्कानं मान उंच करून पाहिलं. अय्यांनी माळेतली एक पुतळी दोन बोटांत धरली होती आणि ती उजेडाकडं वळवली होती. म्हातारी तशीच अर्धी वाकलेली, ना खाली ना वर.

"आजी," अय्या म्हणाले, "ही पुतळी नाही."

जवळ बसलेल्या कुणीतरी मागच्याला सांगितलं, मागच्यानं त्याच्या मागच्याला. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बातमी पोचली तेव्हा तिचं रूप असं झालं होतं, की नवऱ्याकडचं सोनं खोटं निघालं आणि ते खुद्द अय्यांनी भर मांडवात सांगितलं. ती माळ आजी नातसुनेच्या गळ्यात घालणार होती. सावित्रम्मा सरळ झाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"माझ्या सासूनं घातलेली माळ आहे ही," ती म्हणाली. "आमच्या घरात खोटं सोनं येत नाही."

"खोटी कोण म्हणतंय, आजी? बाकीच्यांपेक्षा जुनी आहे. विजयनगरचा वराह आहे हा, सोन्याचं नाणं. हे बघा, ह्यावर उमामहेश्वर बसलेत. कुणीतरी कान जोडून माळेत ओवलाय."

पण तोवर मुलाचा बाप उठला होता, काका उठला होता, आणि उमामहेश्वर ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. ईरप्पा घामाघूम होऊन पुढं आला. त्यानं हात जोडले.

"अय्या, लग्न माझ्या पोरीचं आहे का त्या माळेचं?"

नीलक्का बायकांतून वाट काढत गेली. तिनं आधी सावित्रम्माचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की इतकं चोख सोनं आमच्या अय्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांचं भान सुटलं. मग भावाकडं वळून, ओठ न हलवता म्हणाली, "तम्मा, मंत्र."

सिद्धलिंगय्यांनी मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटले, कारण कुठं थांबलो होतो हे त्यांना आठवेना. लग्न लागलं. पण ज्या मुहूर्तासाठी ईरप्पानं तीन ज्योतिष्यांना विचारलं होतं, तो केव्हाच टळला होता.

घरी आल्यावर नीलक्कानं दार लावून घेतलं. ती बोलत होती तोवर सिद्धलिंगय्या खाली मान घालून ऐकत होते. शेवटी ती दमून बसली, तेव्हा ते म्हणाले, "चूक झाली, अक्का. मंत्र संपेपर्यंत थांबायला हवं होतं." आणि थोड्या वेळानं, "पण माळ अक्कलकोटला गेली असती, मग कुठं बघायला मिळाली असती?"

त्या लग्नानंतर ईरप्पानं दुसऱ्या मठातल्या अय्यांना बोलवायला सुरुवात केली. ईरप्पाचं पाहून आणखी चार घरं गेली. अंत्यविधीला मात्र लोक सिद्धलिंगय्यांनाच बोलावत, कारण मेलेल्या माणसाजवळ ते फार जिव्हाळ्यानं बसत, आणि तिथं माळांची भानगड नसे. नीलक्काच्या चटणीवर घर चाललं. सिद्धलिंगय्यांना रिकामा वेळ जास्त मिळू लागला, आणि तो सगळा त्यांनी मंगळवेढ्याच्या वाटेवर घालवला. कुणाच्या शेतात विहीर खणली जातेय असं कानावर आलं, की ते मोटार-लॉरीनं जात, लॉरी नसली तर बैलगाडीनं, आणि उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्याशी छत्री उघडून बसत. शेतकरी म्हणत, अय्या गुप्तधन शोधतात. एकानं तर हातात नारळ दिला आणि, धन कुठं आहे ते दाखवा, अर्धं तुमचं, असं म्हणाला. अय्यांनी त्याला बिज्जळाची गोष्ट सांगितली. तो नारळ परत घेऊन गेला.

तीस साली शहरात लष्करी कायदा लागला. रस्त्यांवर शिपाई उभे, संध्याकाळनंतर बाहेर पडायला बंदी. माणसं दाराला कडी लावून बसली होती, आणि सिद्धलिंगय्या शहराबाहेरच्या बाळे गावातल्या कुणा तांबटाकडं जुन्या पैशांची थैली आलीय म्हणून दुपारीच गेले ते अंधार पडला तरी आले नाहीत. सकाळी कळलं, की नाक्यावर त्यांना अडवून चौकीत नेलंय. थैलीत धातूचे तुकडे निघाले, त्यांतला एक शिशाचा, गोळीसारखा गोल. त्यामुळं प्रकरण वाढलं होतं.

नीलक्का ईरप्पाच्या दारात जाऊन उभी राहिली. सहा वर्षांत ती त्या घराची पायरी चढली नव्हती. ईरप्पानं तिला पाहिलं, उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "चला. आता काय केलं त्यांनी?"

चौकीत फौजदार कपाळाला हात लावून बसला होता. सिद्धलिंगय्या त्याच्या समोरच्या बाकावर बसून शिशाच्या त्या गोल तुकड्याविषयी बोलत होते. हा तुकडा सातवाहनांच्या काळचा असावा, त्यावरचा हत्ती बघा, सोंड पुसली आहे पण पाय दिसतात. फौजदाराला ते बहुधा पहाटेपासून ऐकावं लागत होतं.

"हे तुमचे का?" त्यानं ईरप्पाला विचारलं.

ईरप्पानं क्षणभर नीलक्काकडं पाहिलं. "आमचे आहेत," तो म्हणाला. "ह्यांच्या हातून दंगा व्हायचा नाही, साहेब. दंग्यात मधेच थांबून हे खाली पडलेला पैसा बघत बसतील."

फौजदारानं थैली परत दिली आणि त्यांना घेऊन जायला सांगितलं. तेव्हाही सिद्धलिंगय्या उठेनात, कारण हत्तीचं सांगणं अर्धं राहिलं होतं. नीलक्कानं त्यांना दंडाला धरून उठवलं. बाहेर आल्यावर ईरप्पा पोट धरून हसला. एवढ्या वर्षांचा रुसवा तिथंच संपला. पुढच्या कार्याला त्यानं मठपतींनाच बोलावलं. फक्त त्या दिवशी घरातल्या बायकांना पुतळ्यांच्या माळा पदराखाली घ्यायला सांगितल्या.

त्यानंतर दोन-एक वर्षांनी चिमाबाई आली.

मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची ही धनगराची म्हातारी, विधवा. मुलगा गुंडा घोंगड्या विकायला सोलापूरच्या बाजारात आला होता, त्याच्याबरोबर ती आली आणि पत्ता विचारत विचारत दारात उभी राहिली. नीलक्कानं दोघांना पाणी दिलं. म्हातारीनं गळ्यातला काळा दोरा ओढला. त्याला मेणकापडात शिवलेला ताईत होता.

"माज्या सासूच्या सासूपासनं हाय ह्यो," ती म्हणाली. "लेकाला मेंढरं घ्याची हायती, म्हनतो आतलं सोनं इकूया. मी म्हनलं, विहिरीवर छत्री घेऊन बसत्यात त्या अय्यास्नी इचारल्याबिगर न्हाय इकायचं. इकलं तर काय वंगाळ हुईल का, तेवढं सांगा."

सिद्धलिंगय्यांनी शिवण उसवली. आतून करंगळीच्या नखाएवढं सोन्याचं, वाटीसारखं खोलगट नाणं निघालं. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि उठून अंगणातल्या उन्हात गेले. नीलक्का दारातून बघत होती. बराच वेळ ते पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"ह्यावर कानडी अक्षरं आहेत," ते म्हणाले. "एक पुरं आहे, एक अर्धं कापलं गेलंय. पुरं आहे ते 'बि'. अर्ध्याचं मला 'ज्ज' वाटतं. छातीठोक सांगता येणार नाही."

नीलक्काला ते ऐकताच सगळं समजलं. ती भराभर पुढं आली आणि म्हणाली, "अय्या, ह्या बाईला मेंढरं घ्यायची आहेत. विकायला हरकत नाही एवढंच तिला सांगा. सोनाराचा भाव आपण देऊ. मी ईरप्पांकडून आणते."

गुंडाचा चेहरा उजळला. "मग झालंच की," तो म्हणाला.

पण सिद्धलिंगय्या चिमाबाईसमोर मांडी घालून बसले होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं. बिज्जळ राजा कोण, त्याचं भांडार कुठं होतं, तिथं कोण बसत होतं. म्हातारी पदर तोंडाशी धरून ऐकत होती.

"म्हंजी त्येंच्या हाताखालनं ह्ये ग्येलं असंल?"

"गेलं असेल. नसेलही."

"असंल, म्हनलासा की." चिमाबाईनं हात पुढं केला. "मग न्हाय इकायचं. द्या हिकडं."

"आये," गुंडा वैतागून म्हणाला, "मेंढरं घ्याची हायती न्हवं?"

"मेंढरं येत्याल आनि जात्याल."

अय्यांनी एवढंच मागितलं, की लाखेवर ठसा घेऊ द्यावा. चिमाबाई जवळ बसून राहिली. त्यांनी लाख तापवली, नाण्याला तेलाचं बोट लावलं आणि आधी एक बाजू, मग दुसरी, अशी दाबून घेतली. मग नाणं स्वच्छ पुसून परत मेणकापडात ठेवलं. शिवायला सुई नीलक्कानंच आणून दिली, पण ती अशा रीतीनं दिली की सिद्धलिंगय्यांना बोटात टोचली.

मायलेक गेल्यावर ती म्हणाली, "सबंध जन्म माझी चिंच नासलीस, यजमान घालवलेस, चौकीत जाऊन बसलास. ज्यासाठी हे केलंस ते आज हातात आलं, तर वटवट करून घालवलंस. घटकाभर गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

"ती विचारायला आली होती, अक्का," सिद्धलिंगय्या म्हणाले. "मग सांगायला नको का?"

ते इतके समाधानी दिसत होते, की नीलक्कानं हातातला तांब्या आदळला आणि ती देवळात निघून गेली.

पुढच्या दोन वर्षांत सिद्धलिंगय्या मंगळवेढ्याला गेले नाहीत. आता तरी थांबतील असं तिला वाटलं. थांबले, पण लाखेचा तो ठसा घेऊन बसू लागले. अर्धं अक्षर 'ज्ज' आहे का 'ट्ट', ह्यावर त्यांनी काशीला पत्रं लिहिली, धारवाडला लिहिली. उत्तरं आली ती एकमेकांविरुद्ध. ह्याचाही त्यांना आनंदच झाला.

मग एका वर्षी पावसानं दगा दिला. माणदेशाकडून, मंगळवेढ्याकडून माणसं जनावरं घेऊन चाऱ्यासाठी खाली उतरू लागली. त्या उन्हाळ्यात चिमाबाई पुन्हा आली. एकटीच. ती उंबऱ्याबाहेरच बसली, आत येईना.

"मी तापानं पडले हुते," ती म्हणाली. "सुद न्हवती. मेंढरं मरत हुती, नातवंडं उपाशी हुती. गुंडानं सोनाराकडं न्येलं. त्येनं आटवलं. अय्यास्नी आपुनच सांगावं म्हनून आले."

नीलक्कानं भावाकडं पाहिलं. ती त्याला लहानपणापासून ओळखत होती. पाळण्यात असल्यापासून त्याला मोठ्यानं बोलताना तिनं ऐकलं नव्हतं. आज सिद्धलिंगय्या ताडकन उठले. गुंडाला काही अक्कल आहे का, सोनाराला डोळे नव्हते का, एक पोस्टकार्ड टाकता येत नव्हतं का, मी दारोदार उभा राहून भिक्षा मागितली असती, मेंढरं दिली असती. शेजारपाजारची माणसं दारात आली. समोरचं नाण्यांचं तबक त्यांच्या पायानं उलटं झालं आणि नाणी अंगणभर गेली. चिमाबाई मान खाली घालून ऐकत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बस," नीलक्का म्हणाली. "तम्मा, बस झालं. तिची नातवंडं जगली त्यावर."

लोकांसमोर ती त्यांना तम्मा म्हणाली, हे तिच्याही ध्यानात आलं नाही. सिद्धलिंगय्या मटकन खाली बसले. थोड्या वेळानं ते उठले, बाहेर गेले आणि ज्यांच्या पाया सगळी पेठ पडत होती ते अय्या म्हातारीसमोर हात जोडून उभे राहिले. नीलक्कानं चिमाबाईला आत घेतलं, जेवू घातलं, आणि जाताना चटणी-भाकरी पदरात बांधून दिली. मग ती अंगणात बसून एकेक नाणं वेचू लागली, आणि कमरेत कळ आली म्हणून नाण्यांना आणि भावाला शिव्या देऊ लागली.

दुसऱ्याच आठवड्यात सिद्धलिंगय्यांनी सांगितलं, की सगळी नाणी शाळेला द्यायची. आपण गेल्यावर ती तांबटाच्या भट्टीत जाणार, हे आता त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. ईरप्पा शहरातल्या एका शाळेच्या मंडळावर होता. त्यानं काचेचं कपाट करून दिलं.

ज्या दिवसाची नीलक्कानं इतकी वर्षं वाट पाहिली तो उजाडला, आणि तिला तो मुळीच आवडला नाही. शाळेचे दोन शिपाई हातगाडी घेऊन आले. त्यांतल्या एकानं डबा कांद्याच्या पोत्यासारखा उचलला.

"हळू," नीलक्का म्हणाली. "आतले कप्पे वेगळे आहेत. विजापूरचं एकीकडं आणि सातारचं एकीकडं. एकत्र झालं तर परत लावायला तू येणार आहेस का?"

ती हातगाडीबरोबर शाळेपर्यंत चालत गेली. कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं आणि हेडमास्तरांना सांगितलं, की ह्यापेक्षा आमच्या ज्वारीच्या कोठीचं कुलूप भक्कम आहे. त्यांना दुसरं कुलूप आणावं लागलं. घरी आल्यावर देवळी रिकामी झाली होती. तिनं तिथं दिवा ठेवला. मग तो उचलून पुन्हा जुन्या जागी ठेवला, कारण तिथं तेलाचा डाग होता आणि इथं उगीच नवा पडला असता.

सिद्धलिंगय्या दर शनिवारी शाळेत जात आणि मुलांना नाणी दाखवत. लाखेचा ठसाही त्यांनी कपाटात ठेवला होता. त्याखाली लिहिलेल्या चिठ्ठीत शेवटी एक प्रश्नचिन्ह होतं. ते खोडून टाका, बरं दिसत नाही, असं हेडमास्तर म्हणाले. अय्यांनी ते खोडू दिलं नाही. सदतीस सालच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. चार-पाच दिवसांतच ते गेले. समाधीच्या वेळी पेठ लोटली होती. ज्यांनी त्यांना लग्नाला बोलवणं सोडलं होतं, तेही आले होते. ईरप्पानं सगळा खर्च केला आणि नीलक्काला आपल्याकडं राहायला चला म्हणाला. ती गेली नाही. "तिथं मी कुणाला बोलू?" ती म्हणाली.

दुखवटा उलटून बरेच दिवस झाल्यावर एका दुपारी गुंडा दारात उभा राहिला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं मडकं होतं.

"अय्या हायत का?"

"अय्या गेले. तुला कळलं नाही का?"

त्याला कळलं नव्हतं. तो तसाच खाली बसला. विहीर खणताना हे लागलं, म्हणाला. आत तांब्याचे जुने पैसे हायती, सोनं न्हाय. सोनारानं मागितलं हुतं, पर आयेनं सांगितलं, आदी अय्यास्नी दाव. "आता कुनाला दावू?" तो म्हणाला. "इकून टाकू का?"

नीलक्कानं कपाळाला हात लावला. बाहेर ऊन रणरणत होतं, चुलीवर शेंगा भाजत होत्या, आणि संध्याकाळी ईरप्पाकडं चटणी पोचवायची होती.

"शहाणाच आहेस," ती म्हणाली. तिनं चुलीतलं लाकूड ओढून विझवलं, वहाणा पायांत सरकवल्या आणि डोक्यावर पदर घेतला. "मेला तरी ह्या माणसानं मला घरात बसू दिलं नाही. ऊठ. ते मडकं सरळ धर, आतलं हलवू नकोस. शाळा सुटायच्या आत पोचायला पाहिजे."